दहा दिवस हात लावू नये

१

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा ते एक. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी सरांचं हे कोळ्यांचं प्रात्यक्षिक सुटलं नव्हतं. खरं म्हणजे ते घेणारं दुसरं कुणी विभागाला मिळालंच नव्हतं. कीटकशास्त्राला मुलं येत ती डास, मधमाश्या, पिकांवरची कीड असल्या उपयोगाच्या गोष्टींसाठी. कोळी कुणाला हवा? कोळी तर धड कीटकही नव्हे. "सहा पायांच्या घरात आठ पायांचा पाहुणा," असं सर पहिल्या तासाला सांगत, "आणि त्याचं सामान उचलणारा हमाल म्हणजे मी." मुलं दरवर्षी हसत. सरांना आता त्या हसण्याचाही शीण येत असे.

त्या मंगळवारी ते जिना चढून वर आले, तर सगळा वर्ग खिडकीजवळच्या काचेच्या पेटीभोवती जमलेला. पेटीत विभागाची म्हातारी कोळी मादी राहत होती. तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ. बावीस वर्षं त्याच पेटीत. मुलं तिला आजी म्हणत.

"सर, आजी गेली," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आजी उताणी पडली होती. खाली तिनेच विणलेली जाळ्याची पांढरी चटई.

"गेली नाही," सर म्हणाले. "मेलेला कोळी पाय पोटाशी घेतो, मूठ वळल्यासारखे. हिचे पाय बघा, पसरलेत. तीन आठवडे खात नव्हती, रंग उतरला होता, परवापासून खाली अंथरत होती. ती कात टाकतेय. या अवस्थेतल्या कोळ्यांना मेलेले समजून माणसांनी जितकं मारलंय तितकं कुठल्या शत्रूनं मारलं नसेल. हात लावायचा नाही. पेटी हलवायची नाही. साधी फुंकरसुद्धा नाही."

"आणि बाहेर आल्यावर?"

"बाहेर येईल ती पांढरी आणि मऊ. सुळेसुद्धा दुधी, वाकणारे. तेव्हा फक्त पाणी ठेवायचं. खाणं नाही. दहा दिवस हात लावायचा नाही. सुळे काळे झाले की ती तयार झाली."

"मग?"

"मग मात्र उशीर करायचा नाही. फार भुकेली असते."

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, इतक्या वर्षांत ती तुम्हाला ओळखायला लागली असेल ना?"

"तिच्या लेखी मी म्हणजे जमिनीची थरथर," सर म्हणाले. "खाण्याची एक थरथर, माझी एक थरथर. त्यात ती फार फरक करत असेल असं मला वाटत नाही."

"म्हणजे आमच्या घरी बाबांचं आहे तसंच," तो म्हणाला, आणि वर्ग हसला.

२

घरी आले तेव्हा बायको मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. घरातल्या सगळ्या शाली, गोधड्या, तिनं स्वतः विणलेल्या लोकरी चादरी कपाटातून बाहेर आल्या होत्या. ती त्या पलंगाशेजारी एकावर एक अंथरत होती. एकीची कड दुसरीवर, दुसरीची तिसरीवर, नीट, सावकाश.

"हे काय चाललंय?"

"मी आता इथंच निजणार. पलंग टोचतो."

"खाली? आणि गुडघ्यांचं काय?"

"गुडघे काही म्हणत नाहीयेत. तुम्ही म्हणताय."

महिनाभर तिचं खाणं जवळजवळ सुटलं होतं. शेजारचे डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. हृदय थकलंय, वय झालंय, जबरदस्ती करू नका, असं म्हणाले होते. तिची कातडी मळकट, निस्तेज झाली होती. धुतलेल्या पण न वाळलेल्या कपड्यासारखी.

"तुमच्या आजीबाईचं काय?" तिनं विचारलं. आजीची चौकशी ती रोज करायची, सवतीची करावी तशी.

"कात टाकतेय."

"मजा आहे बाई तिची. या वयात नवं कातडं." ती हसली, आणि हसता हसता आडवी झाली. उताणी.

सर दारात उभे होते ते उभेच राहिले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती डाव्या कुशीवर सोडून कधी निजली नव्हती. तापातही नाही, मुलगी पोटात होती तेव्हाही नाही. आता ती उताणी होती, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, नजर छताकडे.

ते उशी सारखी करायला वाकले.

"नको," ती म्हणाली. "अंग फार दुखतंय. हात नका लावू."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहा ठेवला आणि स्वतःलाच फटकारलं. जन्मभर कोळी बघितले की माणसाला घरातही कोळीच दिसतात. आजारी बाई जमिनीवर निजली, एवढंच झालं होतं. पण दूध उतू गेलं ते त्यांना गॅस विझल्यावर कळलं.

३

शुक्रवारी पेटीत दोन आजी होत्या. एक पोकळ, पाठीवरचं झाकण उघडलेली, पायांच्या केसांपर्यंत हुबेहूब. दुसरी तिच्यामागे कोपऱ्यात, फिकी, स्तब्ध. पुढच्या बाकावरच्या मुलीनं खूण करेपर्यंत वर्गातले सगळे पोकळ आजीकडेच बघत होते. असंच होतं. ओळखीचा आकार जिथं दिसतो तिथंच नजर जाते.

दीड वाजता सर घरी पोचले. मागच्या खोलीत बायको तशीच उताणी होती. हाक मारली. पुन्हा मारली. मग हात लावला. तिनं नको म्हटलेलं आठवलं, तोवर लावून झाला होता. गार होती.

डॉक्टर चप्पल न घालताच धावत आले. नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला, कानातली नळी काढून गळ्यात अडकवली.

"सर, गेल्या वहिनी. दोनेक तास झाले असावेत. झोपेतच."

"थांबू या," सर म्हणाले.

"कशासाठी?"

 डॉक्टरांनी सरांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मुलीला फोन लावला.

मुलगी संध्याकाळी पोचली. आईजवळ बसून रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. घरात कुणाला तरी लागावंच लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला न्यायचं ठरलं.

"बाबा, अजून थांबायचं म्हणताय, पण कोण यायचं राहिलंय?"

"कुणी नाही."

"मग?"

"पाय पोटाशी घेतलेले नाहीत तिनं," सर म्हणाले.

मुलगी उठून त्यांच्याजवळ आली. मग तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, ती लहान असताना ते ठेवत तसा. तिला काय वाटलं असेल हे त्यांना कळत होतं, आणि तिचं चुकत होतं असंही त्यांना म्हणवत नव्हतं.

४

प्रयोगशाळेच्या सर्वांत वरच्या फळीवर स्पिरिटची एक बरणी होती. सर नवखे असताना त्यांच्या हाती सोपवलेली पहिली मोठी कोळी मादी त्या बरणीत होती. एका सकाळी ती त्यांना उताणी दिसली. घाईत होते, दुपारी परीक्षक यायचे होते. मेली असं समजून त्यांनी ती स्पिरिटमध्ये सोडली. आणि त्या स्पिरिटमध्ये तिच्या पाठीचं झाकण उचललं गेलं. आतून एक पांढरी, मऊ, ओली मादी अर्धी बाहेर आली आणि तशीच राहिली. अजून तशीच आहे. बरणीवर त्यांच्या अक्षरात लेबल आहे: तारीख, ठिकाण, आणि खाली 'मृत अवस्थेत सापडली'.

आमच्या विषयात लेबल म्हणजे वेदवाक्य, असं ते मुलांना सांगत. किडा खोटं बोलत नाही, लेबल खोटं बोलू शकतं. हे सांगताना त्यांची नजर त्या फळीकडे जात नसे. बायकोला मात्र त्यांनी सांगितलं होतं. "मग बदला की लेबल," ती सहज म्हणाली होती. चाळीस वर्षांत त्यांना ते जमलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जेवणानंतर त्यांनी मुलीला म्हटलं, "तासभर मला एकट्याला बसू दे तिच्यापाशी."

दार लावून घेतलं. खिडकीचे पडदे ओढलेले होते, पिवळट उजेड होता. ते खुर्चीत बसले. अगदी डोळ्यांत तेल घालून बघायचं, असं त्यांनी ठरवलं. काही झालं नाही तर ते समजूतदारपणे उठतील, चारला सही करतील, आणि ही खुळी शंका कुणालाही सांगणार नाहीत.

पण दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्याआधीचा महिना तिच्या उशापायथ्याशी गेला होता. माणूस शेवटी माणूस. त्यांचा डोळा लागला.

कसल्यातरी आवाजानं जाग आली. ओला कागद सावकाश फाडावा तसा. डोळे उघडले तेव्हा आवाज थांबला होता. बायको जागची हलली नव्हती. तोच चेहरा, तेच पसरलेले हात. फक्त तिच्या कानामागून मानेकडे एक बारीक रेघ गेली होती. ती आधी होती की नव्हती, हे त्यांना आठवेना. शालींवर ओल होती. गार, बिनवासाची.

वाकून बघावं असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून बघितलं नाही.

५

न्यायला चौघे आले होते. दोघांनी खांद्याकडून धरलं, दोघांनी पायांकडून, आणि जोर लावताच चौघेही मागे कोलमडता कोलमडता राहिले. जड समजून उचललेली बादली रिकामी निघावी तसे.

"किती हलक्या झाल्या होत्या हो," त्यांतला वयस्कर माणूस ओशाळून म्हणाला.

"महिनाभर अन्न नव्हतं पोटात," मुलगी म्हणाली आणि तिला पुन्हा हुंदका आला.

सर त्यांच्यामागून निघाले आणि उंबऱ्यात थांबले. पलंगावरची चादर एका बाजूनं जमिनीपर्यंत लोंबत होती. खोलीत वारा नव्हता. चादरीची कड किंचित आत ओढली गेली, किंचित बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

सांगायचं असतं तर तीच वेळ होती. बाहेर गाडीत सगळे चढत होते. सांगितलं असतं तर चौघे परत आले असते, डॉक्टर आले असते, पलंग सरकवला असता, उजेड टाकला असता, आणि तिला हात लावला असता.

सरांनी दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

जे न्यायचं होतं ते नेऊन पोचवून आल्यावर मुलीनं विचारलं, "आईची खोली?"

"तिच्या वस्तूंना इतक्यात कुणी हात लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. त्यात वावगं असं काही नव्हतं.

६

रविवारी सकाळी मुलगी आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी दार वीतभर उघडून काचेचा वाडगा आत सरकवला. तसाच दुसरा वाडगा बाहेर, दाराशेजारच्या फडताळावर ठेवला. दोन्हींत विभागातल्या मापाच्या नळीनं मोजून पाणी घातलेलं. पाणी उडून जातं. दुःखानं माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हणून तर तुलनेला दुसरा वाडगा लागतो. ही शिस्त त्यांनी हजार मुलांना लावली होती. आता ती आपल्याच कामी यावी म्हणून ते मनोमन विनवत होते.

सोमवारी बाहेरचं पाणी बोटाच्या पेराइतकंही उतरलं नव्हतं. आतला वाडगा कोरडा होता.

उंदीर, ते स्वतःला म्हणाले. मंगळवारीही कोरडा. उंदराला इतकं पाणी कशाला लागेल? पाल? मांजर? पण खिडकी तर बंद होती. एकेक कारण पुढे येई, हजेरी लावी आणि मान खाली घालून परत जाई.

मंगळवारी ते प्रात्यक्षिकाला गेले नाहीत. बुधवारी वाडगा सरकवताना पलंगाखालच्या अंधाराच्या कडेला त्यांना बोटं दिसली. चार. ओल्या खडूसारखी पांढरी. लांबी त्यांच्या आठवणीपेक्षा थोडी जास्त. नखं दुधी, मऊ, जमिनीला टेकून किंचित वाकलेली.

"अगं," ते म्हणाले.

बोटं आत गेली. घाईनं नाही.

दार लावून ते तिथंच भिंतीला टेकून बसले. त्यांना एवढंच कळत होतं की आपण रडतोय. ती होती. म्हणजे या खेपेला आपण तिला मारलं नव्हतं.

७

शुक्रवारी ते विभागात गेले, कारण आजीला खायला घालायचं होतं. दहा दिवस भरले होते. सुळे काळेभोर, लखलखीत. चिमट्यात धरलेला नाकतोडा पेटीत टेकतो न टेकतो तोच आजी तिथं होती. मधलं अंतर तिनं कधी कापलं ते कुणाला दिसलंच नाही. चिमट्याला बसलेला झटका सरांच्या कोपरापर्यंत पोचला.

"बाप रे," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "सर, तुमचं बोट असतं तर?"

"तर बोट," सर म्हणाले. "तिचा काही राग नसतो. झाकण लावायला तेवढं विसरायचं नाही."

वर्ग गेल्यावर ते स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरची बरणी खाली घेतली. जुनं लेबल खरवडून काढलं. नवं लिहिलं: 'कात टाकताना जिवंत होती. चूक माझी.' बरणी पुन्हा फळीवर ठेवली.

घरी आले तर मुलगी मागच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी होती.

"बाबा, आत काहीतरी सरपटतंय."

"उंदीर."

"उंदीर चालतो. हे थांबतं. मी इथं पाय ठेवला की थांबतं, आणि मी पुढे गेले की दाराच्या आतून माझ्याबरोबर येतं. किल्ली द्या. नाहीतर सोमवारी मी कुलूपवाल्याला बोलावते. मी सुट्टी वाढवून घेतलीय, तुम्हाला असं सोडून मी जाणार नाही."

सरांनी मनात दिवस मोजले. शनिवारपासून धरला तर सोमवार दहावा.

समजावून ती जाणार नव्हती. समजावणीला ती कधीच बधली नव्हती, आईवर गेली होती. म्हणून रविवारी सकाळी सरांनी तिला असं काही सुनावलं, जे त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सुनावलं नव्हतं.

"आई महिनाभर झिजत होती तेव्हा कुठं होतीस? आता मेल्यावर कपाटं उघडायला बरी आलीस."

तिच्या हातातला कप बशीवर वाजला. 

"हे तुम्ही बोलताय, बाबा?"

"मीच बोलतोय. जा तू."

दुपारच्या गाडीनं ती गेली. फाटकाशी वळून तिनं पाहिलं. सरांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांचा धीर सुटला असता. त्यांना फक्त तिच्या पावलांचा आवाज फरशीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून लांब जाताना ऐकायचा होता. त्या आवाजाबरोबर दाराच्या आतलं सरपटणंही पुढच्या भिंतीपर्यंत गेलं, आणि तिथं थांबलं.

८

सोमवारी दुपारी सरांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. टेबलावर मुलीसाठी चिठ्ठी ठेवली: 'काल बोललो त्यातलं काहीही खरं नव्हतं. तू लांब असायला हवी होतीस. मागची खोली उघडू नकोस.'

मग एक कोरं लेबल घेतलं आणि ते दारावर बाहेरून, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलं. आजची तारीख. ठिकाण म्हणून घराचा नंबर. खाली एकच शब्द: 'जिवंत'.

आपलं चुकत असेल का, हा प्रश्न त्यांनी शेवटचा एकदा विचारून पाहिला. चुकत असेल तर आत एक रिकामी खोली असेल, ओल्या शाली असतील आणि एक खुळावलेला म्हातारा. तसं झालं तर फारच बरं. तसं झालं तर ते संध्याकाळच्या गाडीनं मुलीकडे जातील, तिचे पाय धरतील.

त्यांनी सवयीनं चपला काढल्या. कात टाकलेल्या जनावराजवळ पाय न वाजवता जायचं असतं. मग थांबले आणि पुन्हा घातल्या.

कुलूप काढलं. आत गेले. दार लावून आतून कडी घातली. कडी बसलीय का ते दोनदा ओढून पाहिलं.

वाडगा कोरडा होता. पडद्यातून तोच पिवळट उजेड येत होता. पलंगावरून लोंबणारी चादर अगदी स्थिर होती, कुणी श्वास धरून ठेवावा तशी. तिच्या खाली, जमिनीवर, बोटं टेकलेली होती. आता पांढरी नव्हती, चांगली सतेज झाली होती. तरुणपणी होती तशी.

नखं काळी झाली होती.

"मी आहे," सर म्हणाले. पण सेहेचाळीस वर्षं ज्या आवाजावर ती वळून बघायची, त्या आवाजानं चादर हलली नाही.

सरांनी एक पाऊल टाकलं, मुद्दाम जोरात, टाच आपटून.

आणि चादर वर उचलली गेली.